उरकुडाजींचा फिरता खडा

आमच्या स्टेशनावर उरकुडाजींना "कसे आहात?" असं कुणीच विचारत नसे. "खडा काय म्हणते?" असं विचारत. उरकुडाजी मग कुशीवर हात ठेवायचे, डोळे बारीक करायचे, आतून काही निरोप येतो का ते ऐकल्यासारखे क्षणभर थांबायचे आणि सांगायचे, "आज शांत आहे जी. काल मात्र भल्ला कुरकुरून राहिला होता." विचारणारा समाधान पावून पुढे जायचा. गावात एखाद्याच्या म्हशीची नाहीतर जावयाची चौकशी व्हावी, तशी या माणसाच्या पित्ताच्या पिशवीतल्या खड्याची चौकशी होत असे, आणि ती झाली नाही तर उरकुडाजींना तो दिवस सुना जाई.

लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीवर, अर्जुनीच्या अलीकडच्या एका स्टेशनात मी तारबाबू होतो. दिवसाकाठी दोन गाड्या यायच्या, दोन जायच्या. उरलेला वेळ मी आणि स्टेशनमास्तर एकमेकांकडे बघत काढायचो. माझ्या क्वार्टरच्या कुंपणापलीकडे उरकुडाजींचं घर आणि परसातली वाडी होती. वय पन्नाशीचं, धानाची थोडी जमीन, एक बोडी म्हणजे छोटं तळं, दोन बैल. दोन मुली होत्या, त्या लग्न होऊन दवनीवाड्याकडे दिलेल्या. घरात आता ते आणि त्यांची बायको पारबताबाई एवढीच माणसं. उरकुडाजींच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून हे जन्मल्यावर आईने त्यांना उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचललं आणि नावही उकिरड्यावरूनच उरकुडा ठेवलं. "मरण यावं तं उकिरडा पाहून परत जावं, म्हणून जी," असं ते स्वतःच सांगत. मरणाला चकवायची कला त्यांच्या घराण्यातच होती म्हणायची.

आमची ओळख भज्यांवरून झाली. आम्ही नवीन राहायला आलो आणि माझ्या बायकोने, मालतीने, शेजारधर्म म्हणून कांद्याची भजी पाठवली. पाचच मिनिटांत उरकुडाजी ती थाळी धोतराच्या सोग्यात धरून, हात लांब करून, कुंपणाशी हजर.

"बाबूजी, हे बारूद कायले पाठवलं जी? माझ्या खड्याले वास लागला तं रातभर नाचन तो."

मी माफी मागितली. ते म्हणाले, तुमचा दोष नाही, तुमाले माहीत नव्हतं. मग थाळी परत देण्याआधी त्यांनी ती नाकाजवळ नेली, लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा एकदा घेतला, आणि थाळी माझ्या हातात देऊन पाठ वळवली. मालती म्हणाली, "अहो, हा माणूस जेवूनच गेला की."

पुढे गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं की हाच उरकुडा पूर्वी पंगतीचा वाघ होता. लग्नात सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, वाढणारे दोघे त्याच्यासाठी वेगळे ठेवावे लागत. वडे तो मोजून खात नसे, टोपली बघून खात असे. चिन्नोर भाताच्या ढिगात बोटाने विहीर करून ती तुपाने भरायची आणि तूप पाझरलं की पुन्हा भरायची, हा त्याचा खेळ पोरंसोरं जमून बघत. मग नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो अंगणात पोट धरून लोळला, आणि त्या दिवसापासून त्या घरात तेलाची बुधली उपडी झाली ती झालीच.

आता त्यांचं पथ्य ऐका. मला ते तोंडपाठ होतं, कारण रोज कुंपणावरून ते मला ऐकवलं जाई. सकाळी उठून कोमट पाण्यात लिंबू. मग कुलथीचं कढण. रात्री कुलथी भिजत घालायची, पहाटे मंद आचेवर पाणी अर्धं होईपर्यंत शिजवायची, वर फक्त जिरं. "कुलथी म्हणजे सुरुंग आहे जी. फोडते, पण हळूहळू, घरमालकाले न समजता." दुपारी बिनफोडणीची भाजी, भात आणि लोणी पुरतं काढून घेतलेलं ताक. तिसऱ्या प्रहरी मुळ्याचा रस. वाडीत पानफुटी लावलेली होती, तिचं एक पान रोज. पावसाळ्यात भुईआवळ्याचा काढा. शिवाय कचारगडच्या जत्रेहून येताना जंगलातल्या एका गोंड म्हाताऱ्याकडून आणलेली कसलीशी साल, ती इतकी कडू की नुसतं तिचं नाव काढलं तरी पारबताबाईंचं तोंड वाकडं होई. यातलं निम्मं औषध मुतखड्याचं आणि निम्मं पित्ताचं, असं आमच्या स्टेशनमास्तरांचं मत होतं. उरकुडाजी म्हणत, "खडा तो खडा जी. कुलथी काय त्याचं गाव विचारत बसते?"

हे सगळं ते एकटे करते तर माझी हरकत नव्हती. पण पारबताबाईंचेही त्यात हाल होत. बाई अंगाने काडी, बोलणं कमी, हात सतत कामात. घरात एकच गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढे, आणि त्यात जे उरकुडाजींसाठी शिजे तेच त्यांच्यामागून त्या खात. नऊ वर्षं बाईने फोडणीचा वास घेतला नव्हता. वर उरकुडाजींची एक भलतीच खोड. कुठलंही औषध ते अर्धंच पीत. कढण असो, मुळ्याचा रस असो, ती कडू साल असो, अर्धा पेला झाला की पेला पारबताबाईंपुढे. "एवढं मले संपत नाही. औषध टाकू नये व, पाप लागते. घे, पिऊन टाक." बाई निमूटपणे पिऊन टाकत.

मालतीच्या अंगाचा तिळपापड होई. "नवऱ्याचं उष्टं औषध! आणि ते टाकलं तर म्हणे पाप! एवढी पापाची भीती आहे तर कमी करा म्हणावं." मीही तिच्याच बाजूचा होतो. आमच्या घरात उरकुडाजींचं नाव निघालं की सुरुवात त्यांच्या खड्याने होई आणि शेवट पारबताबाईंच्या नशिबाने.

दिवाळीनंतर मंडई भरली तेव्हा तर कहर झाला. मंडई म्हणजे गावोगावचे पाहुणे, रस्त्यावर दंडारीचा नाच, घरोघरी कढया चढलेल्या. पाटलाकडे पंगत होती. उरकुडाजी आले ते घरचा डबा घेऊन. पाटलीणबाईंनी वडे आणले तर त्यांनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. तेवढं ठीक होतं. पण मग ते उठले, बायकांची पंगत बसली होती तिथे थेट गेले, आणि चारचौघींत पारबताबाईंच्या पत्रावळीवरचा वडा उचलून आपल्या खिशात टाकला.

"मी इथं कोरडं खाऊन राहिलो, आन् तुले वडा गोड लागते?" असं म्हणून डब्यातला भात त्यांना वाढून परत आले.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पारबताबाई मान खाली घालून जेवल्या. मालतीने घरी येऊन मला सांगितलं की या माणसाचा खडा पोटात नसून छातीत आहे. मी तिला तेव्हा दाद दिली, हे आता लिहिताना लाज वाटते.

माझा मात्र एका गोष्टीने गोंधळ उडे. उरकुडाजींचा हात कधी उजव्या कुशीवर असे, कधी डाव्या. एकदा मी त्यांना हटकलंच. "उरकुडाजी, परवा खडा उजवीकडे होता."

ते जराही गडबडले नाहीत. "फिरता खडा आहे जी. सुट्या बैलावानी. चरत चरत इकडे जाते, तिकडे जाते."

स्टेशनमास्तर हे ऐकून आठवडाभर हसत होते. गावात मग ते नावच पडलं, आणि "बैल आज कोणत्या बांधीत आहे?" असंही लोक विचारू लागले. उरकुडाजी सगळ्यांबरोबर हसत. चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत.

पुढचं सगळं माझ्या तोंडाळपणामुळे घडलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आता पोटातल्या पिशवीचा फोटो काढतात, आत खडा असेल तर त्यात दिसतो, ही बातमी मी एकदा कुंपणावर सांगितली. उरकुडाजी ती ऐकून घाईने गाय बांधायला निघून गेले. पण पारबताबाई शेण काढता काढता थांबल्या. संध्याकाळी त्या आमच्या दाराशी आल्या.

"भाऊ, ह्यायले नागपूरले न्या. शेजारच्या गावात एक माणूस असाच पिवळा पडून गेला. मले झोप येत नाही."

एवढं लांबलचक बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. मी शब्द दिला. मग उरकुडाजींचे बहाणे सुरू झाले. आधी धानाच्या लावणीचा रोवणा आला. रोवणा झाला तर बोडीची पाळ फुटण्याच्या बेतात होती. मग धान कापायला आलं, मग मळणीचा चुरणा. चुरणा संपल्यावर त्यांनी सांगितलं की खड्याचा फोटो काढला तर तो चिडतो, असं त्यांना कुणीसं सांगितलं आहे. मी विचारलं, कुणी? ते म्हणाले, "आता नाव नाही येऊन राहिलं ध्यानात."

पारबताबाईंनी शेवटी एक सोपा उपाय केला. त्या म्हणाल्या, तुम्ही नागपूरला जाल तेव्हा मी जेवीन. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उरकुडाजी तिकिटाच्या खिडकीशी उभे होते, आणि त्यांचा चेहरा मी पाहिलेल्या कुठल्याही दुखण्यापेक्षा जास्त दुखरा होता.

"केव्हा आहे जी गाडी?"

मी चार दिवसांची रजा काढली. नागपूरला माझी बहीण राहत होती, तेव्हा उतरायची सोय होती. स्टेशनवर पारबताबाई निरोप द्यायला आल्या. त्यांची मोठी बहीण कितीतरी वर्षांपूर्वी पोट कापल्यानंतर गेलेली, त्यामुळे दवाखान्याचं नाव काढलं तरी त्या धास्तावत. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, तार करजा. ह्यायचं पोट कापा लागते का नाही, तेवढंच सांगजा. वाट पाहणं मले होत नाही."

नागपूरचा डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला, घाईत पण माणूस चांगला. त्याने उजव्या बरगडीखाली पोट चाचपलं, दुसऱ्या दिवशी फोटो काढू म्हणाला आणि बजावलं की आज संध्याकाळी तूप, तेल, दूध काही खायचं नाही, या गोळ्या घ्यायच्या आणि सकाळी उपाशी यायचं.

"तूप-तेल नाही?" उरकुडाजी मोठ्याने हसले. "साहेब, नऊ वर्सांपासून मी फोटोच्या तयारीत आहो."

सकाळी पहिला फोटो निघाला. मग डॉक्टरने अशी आज्ञा केली की माझे कानच उभे राहिले. पेशंटने आता लोणी लावलेला पाव खायचा, साईसकट दूध प्यायचं, आणि तासाभराने दुसरा फोटो. चरबीचं खाल्लं की पित्ताची पिशवी आवळते का, ते बघायचं असतं म्हणे. मी धावत जाऊन पाव आणला आणि लोणी असं थापलं की पाव दिसेना. उरकुडाजी दवाखान्याच्या ओट्यावर बसले. पाव हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मग एक घास घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मला हसू आवरेना. "उरकुडाजी, सावकाश. सगळं तुमचंच आहे."

त्यांनी पुढचा घास तोडला. डॉक्टरांचा हुकूम म्हणून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं, रडत रडत.

दुपारी डॉक्टरने फोटो उजेडापुढे धरले. पिशवी स्वच्छ होती. आत खडा नाही, वाळूचा कण नाही, आणि आवळतेही उत्तम. "काका, तुमचं पोट माझ्यापेक्षा चांगलं आहे," डॉक्टर म्हणाला.

मी आनंदाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. उरकुडाजींच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. ते खुर्चीवर पुढे सरकले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, एक विचारू का जी? समजा एखाद्याले खडा आहे. आन् तो आठ वर्सं दुखलाच नाही. तं तो काढाच लागते का? पोट कापाच लागते का?"

डॉक्टर हसला. "दुखत नाही, ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, तर कशाला त्याच्या वाटेला जायचं? झोपलाय, झोपू द्या. तेलकट-तुपकट टाळा म्हणजे झालं. पण कधी जोराचं दुखलं, किंवा डोळे पिवळे दिसले, तर मात्र एक दिवसही काढे पाजत बसू नका. सरळ इथे आणा."

उरकुडाजींनी त्याला हे तीन वेळा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच म्हणून दाखवलं, शाळेतल्या पाढ्यासारखं. मग डोळे मिटले आणि इतका मोठा निःश्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला.

बाहेर येऊन आम्ही कडुनिंबाखाली बसलो. माझा आनंद एव्हाना ओसरला होता आणि मला राग यायला लागला होता. नऊ वर्षं! खडा नाही, काही नाही, आणि त्या बिचाऱ्या बाईला कोरडा भात आणि कडू साली! मी मालतीच्या शब्दांतच सुरुवात केली. मंडईतल्या वड्यापर्यंत आलो तेव्हा उरकुडाजींनी माझा हात धरला.

"बाबूजी, मले कुठचा खडा जी. खडा तिचा आहे."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"नऊ वर्सांआधी होळीच्या दिवसांत तिचं पोट दुखलं. अशी लोळली जी अंगणात, की मीच रडलो. महिन्यात तीन खेपा. गोंदियाले नेलं. तिथच्या डाक्टरीणबाईनं तिले बाहेर बसवलं आन् मले सांगतलं, पित्तात खडा आहे. तेल-तूप बंद करा, नाही तं कापा लागन. आता तिची बहीण कशी गेली ते तुमाले माहीत आहे. खड्याचं नाव आयकून ती भेवानंच मेली असती. मी सांगतलं, वायू आहे."

"मग पथ्य तिला करायला सांगायचं ना!"

"सांगतलं ना जी. हो म्हणे. पण चूल एक, गंज एक. माझ्यासाठी तेल टाकून रांधे, आन् माझं झालं का त्याच गंजातलं आपण खाये. मी म्हटलं, तुझं वेगळं रांध व. तं म्हणे, लोक काय म्हणतीन, बाई आपल्यासाठी वेगळा गंज चढवते. तुमीच सांगा, कोणती बाई आपल्या एकटीसाठी चूल पेटवते?"

मी मालतीला आठवून पाहिलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि माझं जेवण आटोपल्यावर ती काय खाते हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"मंग म्या विचार केला," उरकुडाजी म्हणाले, "ती माझ्या गंजातलं खाते ना? तं गंजच बदलून टाकू. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच अंगणात लोळलो. कसं लोळाव ते तिचंच पाहून शिकलो होतो."

आता माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. अर्धा पेला कढण. अर्धा पेला मुळ्याचा रस. वडा.

"आणि तुमचा हात? कधी डावीकडे, कधी उजवीकडे?"

ते ओशाळून हसले. "दुखत असतं तं ध्यानात राह्यलं असतं ना जी."

मी हसलो आणि त्याच वेळी माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच नाही. मी विचारलं, त्यानंतर बाईंना कधी दुखलं का? ते म्हणाले, एकदाच. पहिल्या वर्षी, मोठ्या मुलीच्या लग्नात, यांचं लक्ष नसताना त्यांनी दोन सुवाऱ्या खाल्ल्या तेव्हा. त्यानंतर ते प्रत्येक पंगतीत बायकांच्या पत्रावळींवर नजर ठेवून असत.

"नऊ वर्सं कोणालेच सांगतलं नाही. पोरींलेबी नाही. गावात एकाले सांगतलं का सांजेपर्यंत तिच्या कानावर गेलंच समजा. लोक हासत, मीबी हासो. पण भज्यांचा वास आला का वाटे, एकाले तरी सांगाव, का बावा, मले काही झालं नाही, मले भूक लागून राहिली आहे." मग त्यांनी माझा हात सोडला. "आज सांगतलं. हलकं वाटून राहिलं."

उठता उठता ते म्हणाले, "लोणी तिच्याशिवाय खाल्लं जी. चोरी केल्यावानी वाटलं. तिले नोका सांगू."

एक काम उरलं होतं. तार. मी तारघरात गेलो, फॉर्म घेतला आणि लेखणी घेऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत जन्माच्या, मरणाच्या, नेमणुकीच्या शेकडो तारा माझ्या हातून गेल्या होत्या, पण त्यांतला मजकूर लोकांचा होता, खरंखोटं ते जाणत. ही माझ्या नावाची पहिली तार होती. खरं लिहिलं तर पारबताबाई देवाला नारळ फोडतील, आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्यासाठी कढई चढवतील. नऊ वर्षांचा उपवास सोडवायचा म्हणून तूप ओतून रांधतील, आणि मागून त्याच गंजातलं खातील.

उरकुडाजी माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना एक अक्षर येत नव्हतं. "लिहा जी, खडा आहे म्हणून. माझं आयकून ती एक डाव शंका घेईन. तुमची तार मात्र खोटी नसते."

मी लिहिलं: खडा आहे. झोपलेला. कापायचं नाही. पथ्य कायमचं. परवा पोचतो.

तार देणाऱ्या बाबूने मजकूर दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं की मीही तारबाबूच आहे, आणि असंच पाठव. पैसे देऊन बाहेर आलो तेव्हा खोटं बोलल्याचं मला काहीच वाटत नव्हतं. उलट कितीतरी दिवसांनी असं मोकळं वाटत होतं.

आमची छोटी गाडी स्टेशनात शिरली तेव्हा पारबताबाई फलाटावर उभ्या होत्या. तार त्यांच्या पदराच्या गाठीत बांधलेली होती. स्टेशनमास्तरांनी ती त्यांना वाचून दाखवली होती, एकदा नाही, चार वेळा. उरकुडाजी डब्यातून उतरले तसं बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पोट जागेवर आहे ना याची नजरेने खात्री केली, आणि मग पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हसल्या की त्यांच्या गालाला खळी पडते हे इतक्या दिवसांत मला माहीत नव्हतं.

"कापत नाही ना?"

"नाही व. झोपला आहे म्हणते. पण पथ्य आता जल्मभर."

"मंग झालं तं. पथ्याचं काय, ते होऊन राहिलंच आहे. मी करतो ना." मग त्या जराशा जवळ गेल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तुमच्या मिशीले लोण्याचा वास कायचा येऊन राहिला?"

उरकुडाजींचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. दोन दिवसांत वास कसा राहिला देव जाणे, पण बाईंचं नाक नऊ वर्षांच्या पथ्याचं होतं. मी मध्ये पडलो आणि सांगितलं, डॉक्टरने फोटोसाठी खायला लावलं, एकच घास. बाईंनी माझ्याकडेही संशयाने बघितलं.

"घरी चला. कुलथी भिजून आहे. डबल कढण पाजतो तुमाले."

"अर्धं तूबी घे व, मले संपत नाही," उरकुडाजी म्हणाले, आणि दोघं फाटकातून घराकडे गेले.

मालतीला मी काही सांगितलं नाही. तिच्या पोटात गोष्ट राहिली असती, पण चेहऱ्यावर उमटल्याशिवाय नसती राहिली. ती पुढेही उरकुडाजींना नावं ठेवत राहिली आणि मी मान हलवत राहिलो. एवढंच केलं की रोज जेवताना तिला विचारू लागलो, तू काय खाणार आहेस, तुला काय आवडतं, तूही आत्ताच बस. चार दिवसांनी तिने काळजीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता माझी बदली होऊन मी दूर आलो आहे. पारबताबाईंना वाचता येत नाही, आणि आमच्या स्टेशनमास्तरांनाही तारेपेक्षा लांब मजकूर वाचायचा कंटाळा आहे, म्हणून हे लिहायचा धीर झाला. परवाच तिकडून एक गार्ड आला होता. मी त्याला खड्याची खबर विचारली. म्हणाला, झोपलेला आहे, दोघंही ठणठणीत आहेत.

पण माझ्या डोळ्यांपुढे नागपूरहून परतल्यानंतरची दुसरी सकाळ आहे. मी दात घासत कुंपणाशी उभा होतो. पलीकडे उरकुडाजी पानफुटीचं पान खुडत होते, आणि ओसरीवर पारबताबाई कुलथी निवडत बसल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी हाक मारली, "काऊन उरकुडाजी, खडा काय म्हणते?"

त्यांनी डोळे बारीक केले आणि हात कुशीवर ठेवला. डाव्या. मी खाकरलो. हात मुकाट्याने पोटावरून सरकत उजवीकडे गेला.

"झोपून आहे जी," ओसरीकडे बघत ते म्हणाले. "झोपूनच राहू द्या."